पुढील सूचना मिळेपर्यंत

आमचं आंदोलन तिसऱ्यांदा पुढे ढकललं गेलं त्या दिवशी मी घरी येऊन भांडी इतकी आपटली, की ताई आतल्या खोलीतून म्हणाली, "केंद्र वाचायचं तेव्हा वाचेल, आधी ती पातेली वाचव."

ताई म्हणजे माझी मोठी बहीण. आई लवकर गेली, तेव्हापासून तिनेच मला वाढवलं. तिने लग्न केलं नाही आणि मी केलं ते टिकलं नाही, त्यामुळे आम्ही दोघी फिरून एका घरात आलो. तिने उभा जन्म एका कापडाच्या पेढीचं गोदाम सांभाळलं. हमालांना आणि ट्रकवाल्यांना नुसत्या भुवईने कामाला लावलं. निवृत्त झाली आणि मागोमाग तिच्या किडन्यांनीही निवृत्ती घेतली. आता आठवड्यातून तीनदा डायलिसिस. दुपारभर मशीनला जोडून पडायचं, रक्त धुऊन घ्यायचं आणि संध्याकाळी पिळून काढल्यासारखं होऊन घरी यायचं.

डायलिसिसचं केंद्र आमच्या घरापासून जवळ, एका जुन्या इमारतीच्या तळमजल्यावर आहे. मी शाळेच्या मुलांची व्हॅन चालवते. सकाळी मुलांना शाळेत सोडायचं, दुपारी शाळा सुटायच्या आधी ताईला केंद्रात पोचवायचं, मग मुलांना घरोघर उतरवायचं आणि संध्याकाळी ताईला उचलायचं. आमचं सगळं आयुष्य या फेऱ्यांमध्ये नीट बसलेलं होतं. एवढ्यात केंद्र चालवणाऱ्या ट्रस्टला साक्षात्कार झाला, की सगळी मशीनं गावाबाहेरच्या नव्या मोठ्या रुग्णालयात हलवावीत. तिकडे जाऊन यायचं तर माझी शाळेची दुपारची फेरी बुडणार. म्हणजे एक तर व्हॅन विकायची, नाहीतर डायलिसिसनंतर धड उभंही राहता येत नाही अशा बाईला दोन बस बदलून एकटीला पाठवायचं.

ताईने आपल्यापुरता निकाल लावून टाकला होता. "तिकडे गेलं तर मी आठवड्यातून दोनदाच जाईन. तेवढ्यावर भागतं," असं ती मला भाजी निवडता निवडता म्हणाली होती.

भागत नाही. एकदा केंद्रात पाणी आलं नव्हतं म्हणून तिचं एक डायलिसिस चुकलं होतं. तिचे पाय उशीसारखे सुजले, आडवं झालं की श्वास लागायचा, आणि ती भिंतीला टेकून बसून मला म्हणत होती, तू झोप, मला पंख्याचा आवाज ऐकायचाय. तेव्हा माझ्यासाठी हे आंदोलन म्हणजे समाजकार्य वगैरे काही नव्हतं. मला माझी बहीण हवी होती, जिवंत आणि टोमणे मारणारी.

आणि ते आंदोलन कुणाच्या हातात, तर घोषणाकाकांच्या.

हे नाव त्यांना आंदोलनामुळे पडलेलं नाही. काका आयुष्यभर बस स्थानकावर उद्घोषक होते. कुठली गाडी कुठल्या फलाटाला लागली, कुठलीला उशीर आहे, हे एका काचेच्या खोलीत बसून माईकवर सांगायचे. आवाज असा, की गाडी रद्द झाली तरी ऐकणाऱ्याला आपलं काहीतरी भलं झाल्यासारखं वाटावं. त्यांची बायको, आमच्या काकू, याच केंद्रात ताईच्या शेजारच्या पलंगावर असायच्या. त्या वेळी पंखे आणि पिण्याचं पाणी मागण्यासाठी रुग्णांच्या नातेवाइकांची समिती निघाली, आणि आवाज चांगला म्हणून काकांना अध्यक्ष केलं. पुढे काकू गेल्या. काका अध्यक्ष राहिले.

पंखे मिळाले, पाणीही मिळालं. पण पंखे मागणं वेगळं आणि केंद्र वाचवणं वेगळं. काकांनी पहिला मोर्चा काढला तो रविवारी, का तर इतर दिवशी रहदारीला त्रास झाला असता. रविवारी ट्रस्टचं कार्यालय बंद. आम्ही टाळ्याला निवेदन दिलं म्हणा ना. मग काळ्या फिती लावायचं ठरलं, तर फिती किती रुंद असाव्यात यावर एक अख्खी बैठक गेली आणि शेवटी फिती आल्याच नाहीत. त्यानंतर फाटकात धरणं धरायचं ठरलं. लोक सतरंज्या, पाण्याच्या बाटल्या घेऊन आले, आणि काकांनी माईक हातात घेतला.

"सर्वांना कळविण्यात येते की, आजचे धरणे काही अपरिहार्य कारणास्तव पुढे ढकलण्यात येत आहे. पुढील सूचना मिळेपर्यंत कृपया सहकार्य करावे. होणाऱ्या गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोत."

अपरिहार्य कारण म्हणजे केंद्राच्या मॅनेजरने फोनवर 'बघू' म्हटलं होतं. लोकांनी मुकाट सतरंज्या गुंडाळल्या आणि गाडी चुकलेल्या प्रवाशांसारखे ते घरोघर गेले. हे असं तीनदा झालं. तिसऱ्या वेळेस मी पातेली आपटली ती यासाठी.

आमच्या समितीत एक शिस्त होती आणि तिचा सगळ्यांना फार अभिमान. माईकवरून सांगितल्याशिवाय कुणी काही करायचं नाही. कुणीतरी बसतोय, कुणीतरी उठतोय, असा गोंधळ नको म्हणून काकांनीच हा नियम केला होता, आणि लोकांनी तो हाडीमासी भिनवून घेतला होता. माईक गप्प, तर आम्ही गप्प.

तुम्ही म्हणाल, मग अध्यक्ष बदलायचा. आम्हीही तेच म्हणायचो, पण व्हॅनमध्ये. बैठकीहून परत येताना मी चौघापाचांना सोडायची, तेव्हा मागच्या सीटवर काकांचा असा काही उद्धार चाले की विचारू नका. सगळ्यात जास्त तोंड बेकरीवाल्याचं. त्याची म्हातारी आई दुपारच्याच पाळीत होती. पण अध्यक्ष निवडायची वेळ आली की हाच पठ्ठ्या सगळ्यांच्या आधी उभा राहून म्हणायचा, "काकाच राहू देत," आणि आम्ही सगळे टाळ्या वाजवायचो. कारण सरळ होतं. बायको गेलेला माणूस, मूलबाळ लांब, त्याला एवढा एकच विरंगुळा. तो कुणाच्या जिवावर काढून घ्यायचा?

मग एके दिवशी केंद्रातल्या टेक्निशियनने बेकरीत पाव घेता घेता हळूच सांगितलं, की उद्या ट्रक येणार. सकाळची पाळी संपली की मशीनं उचलायची. दुपारच्या रुग्णांना फोन गेलेच होते, की टाकीची दुरुस्ती आहे, उद्या येऊ नका. त्याच संध्याकाळी आम्ही बेकरीच्या मागच्या खोलीत जमलो. मैद्याच्या पोत्यांवर बसून ठरलं, की दुपारच्या पाळीतल्या सगळ्यांनी यायचंच, नातेवाइकांनीही यायचं, आणि ट्रक यायच्या आधी फाटकात बसायचं.

"ठरलं ना, काका?" मी विचारलं.

"ठरलं," काका म्हणाले.

"फोन आला तरी?"

"फोन आला तरी."

दुसऱ्या दिवशी मुलांना शाळेत सोडून मी ताईला आणि तिच्या घडीच्या खुर्चीला घेऊन केंद्रावर आले. गर्दी बऱ्यापैकी जमली होती. रुग्ण होते, त्यांच्या बायका, नवरे, सुना होत्या. पहारेकऱ्याच्या केबिनमध्ये माईक ठेवला होता आणि कर्णा बाहेर भिंतीवर टांगला होता. मला वाटलं, चला, आज एकदाचं होतंय. तेवढ्यात मॅनेजर स्वतः बाहेर आला, काकांच्या खांद्यावर हात ठेवून दोन शब्द बोलला आणि त्यांना आत घेऊन गेला. थोड्या वेळाने काका केबिनमध्ये परतले आणि कर्णा खरखरला.

"व्यवस्थापनाने समितीला चर्चेचे निमंत्रण दिले आहे. सद्भावना म्हणून सर्वांनी फाटकातील रस्ता मोकळा ठेवावा. पुढील सूचना मिळेपर्यंत कृपया कडेला उभे राहावे."

सगळे कडेला झाले. आणि त्या मोकळ्या केलेल्या रस्त्याने ट्रक आत आला. मागे घेताना चालकाला नीट दिसत नव्हतं, तर बेकरीवाला सवयीने पुढे झाला आणि हात हलवत म्हणाला, "येऊ द्या, येऊ द्या, अजून येऊ द्या." मी कपाळाला हात लावला. जगात कुणी आपल्याच शत्रूची गाडी इतक्या प्रेमाने लावून दिली नसेल.

हमालांनी घोंगड्यात गुंडाळलेलं पहिलं मशीन बाहेर आणलं. ताई तिच्या खुर्चीत सरळ बसली.

"ते खिडकीजवळचं आहे," ती म्हणाली. "माझं."

एवढंच म्हणाली, पण तिने माझ्याकडे बघितलं नाही. त्या न बघण्याने मला जे झालं ते मी सांगू शकत नाही. मी धावत व्हॅनपाशी गेले, गाडी सुरू केली आणि फाटकात आडवी नेऊन उभी केली. नाक एका खांबाला, शेपूट दुसऱ्याला. हँडब्रेक ओढला, किल्ली काढली, खाली उतरले. आता ट्रक आत आणि फाटक बंद.

मला वाटलं होतं, लोक निदान एक टाळी तरी वाजवतील. ते माझ्याकडे बघत नव्हते, कर्ण्याकडे बघत होते.

आणि कर्णा बोलला. "पिवळ्या रंगाच्या शाळेच्या व्हॅनच्या चालकांनी कृपया नोंद घ्यावी. आपले वाहन प्रवेशद्वारात उभे आहे. ते त्वरित हलवावे."

आता मात्र डोक्यावरून पाणी गेलं. त्यात माझी खरी अडचण वेगळीच होती. थोड्या वेळाने शाळा सुटणार होती. मुलं शाळेच्या दारात माझी वाट बघत उभी राहणार, आणि मुलांना उभं ठेवणं मला या जन्मी जमणार नाही. व्हॅन न्यावीच लागणार, आणि ती नेली की ट्रक सुटणार. व्हॅनच्या जागी माणसं बसायला हवी होती, आणि माणसं माईकशिवाय बसणार नव्हती. मी तरातरा केबिनमध्ये गेले. काका एकटेच स्टुलाशी उभे होते.

"काका, तुम्ही नक्की कुणाचे? आमचे की त्यांचे?"

त्यांनी आधी माईकचं बटण बंद केलं. बंद झालंय का ते पुन्हा बघितलं.

"ते म्हणाले, गाडी हलवायला सांगा. मी सांगितलं."

"ते म्हणाले म्हणून?"

"अगं, मला तेवढंच येतं." काका खाली बघून बोलत होते, आणि त्यांचा तो प्रसिद्ध आवाज कुठल्या कुठे गेला होता. "कुठली गाडी सोडायची, कुठली थांबवायची, हे मी कधी ठरवलंच नाही. वरून यायचं. मी फक्त गोड करून सांगायचो. समोर बसून कुणी ठामपणे काही बोललं की मी ते माईकवर सांगतो. मला हे जमत नाही. पहिल्यापासून नाही जमत."

मी चांगली फैलावर घ्यायला आले होते. शब्द जिभेवर तयार होते, ते तिथेच अडले.

"मग सोडलं का नाही?"

"सोडणार होतो. तुझी काकू गेली, त्यानंतरच्या बैठकीला मी ठरवूनच आलो होतो. या इमारतीत पाऊल टाकलं की मला तिचा पलंग दिसतो गं. तोंड उघडणार तोच तो बेकरीवाला उभा राहिला, काकाच राहू देत म्हणून. तुम्ही सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मला वाटलं, एवढा विश्वास टाकतायत, आता यांना तोंडघशी कसं पाडू? पुढच्या खेपेला पुन्हा टाळ्या. त्याच्या पुढच्या खेपेला पुन्हा."

मी भिंतीला टेकले.

"काका, आम्हाला वाटायचं, तुमची बायको गेलीय, हेही काढून घेतलं तर तुम्ही खचाल. म्हणून टाळ्या वाजवायचो."

काकांनी मान वर केली.

"म्हणजे कुणालाच मी नको होतो?"

खोटं बोलावं असं क्षणभर वाटलं. पण खोट्या चांगुलपणानेच आम्हाला इथवर आणून सोडलं होतं.

"माणूस म्हणून हवे होतात. अध्यक्ष म्हणून कुणालाच नाही."

मला वाटलं, आता हा माणूस रडणार. काका स्टुलावर बसले, छातीवर हात ठेवला आणि त्यांनी इतका लांब सुस्कारा सोडला की तो मला आजही ऐकू येतो.

"मग मी सोडू?" त्यांनी विचारलं.

"आत्ताच्या आत्ता सोडा."

"बैठक घ्यायला नको?"

"नको."

"सोडलं," काका म्हणाले, आणि हसले. अवचित सुट्टी जाहीर झाल्यावर माझ्या व्हॅनमधल्या मुलांचे चेहरे होतात, तसा त्यांचा चेहरा झाला होता. "अगं, किती हलकं वाटतंय मला. घरी जाऊ मी?"

"मुळीच नाही. लोक तुमच्याच आवाजावर बसतात. बोलायचं तुम्हीच."

"बोलेन की. काय बोलायचं ते सांगा फक्त. ते मला उत्तम जमतं."

केबिनच्या खिडकीत ताईचा चेहरा दिसला. खुर्ची सोडून, भिंत धरत धरत ती तिथवर आली होती. तिने किती ऐकलं होतं कोण जाणे.

"काकांनी सोडलं," मी म्हटलं.

"बरं झालं हो, काका. सुटलात," ताई म्हणाली. "मग आता कोण?"

मी बाहेर बघितलं. सगळे कर्ण्याकडे माना वर करून उभे होते. ट्रकमध्ये दुसरं मशीन चढत होतं. मी ताईकडे बघितलं.

"फाटकात बसायचंच काम आहे ना?" ती म्हणाली. "मला तसंही उभं राहवत नाही. मी करते."

मग तिने खिडकीतून एकेक वाक्य सांगितलं. गोदामात हमालांना सांगायची तसंच, कमी शब्दांत. काकांनी घसा साफ केला, बटण दाबलं, आणि तो आवाज परत आला. इतका भरदार मी तो कधी ऐकला नव्हता.

"सर्वांनी कृपया लक्ष द्यावे. फाटकातील पिवळी व्हॅन आता शाळेच्या फेरीसाठी सुटत आहे. सर्व रुग्ण आणि नातेवाइकांनी तिच्या जागी ताबडतोब बसून घ्यावे आणि मशीन उतरेपर्यंत उठू नये. मालट्रकच्या चालकांनी नोंद घ्यावी, आपली गाडी या केंद्रातून रिकामी सुटेल." इथे ताईचं सांगणं संपलं होतं. काका क्षणभर थांबले आणि पुढचं त्यांनी स्वतःच्या मनाने जोडलं. "होणाऱ्या गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर नाही."

बाहेर कर्ण्याकडे लागलेल्या माना खाली आल्या. मग बेकरीवाल्याची म्हातारी आई फाटकाकडे चालू लागली आणि व्हॅनच्या चाकाशी सरळ फरशीवर बसली. तिच्यामागे बाकीचे. एवढे महिने आम्ही वाट पाहत होतो, आणि बसायला काहीच वेळ लागला नाही. मी व्हॅन अलगद बाहेर काढली. आरशात पाहिलं, तर गाडीने सोडलेली जागा माणसांनी भरून गेली होती. मधोमध ताईची घडीची खुर्ची होती.

त्या दिवशी मी मुलांना कसं सोडलं, मला विचारू नका. एकीने मला सांगितलं की तिचं घर मागे राहिलं. जीव फाटकात अडकलेला. पोलीस आले असतील का, ताईला काही झालं असेल का, लोक टिकले असतील का. शेवटचं मूल उतरवून परत वळले, तेव्हा माझे हात स्टिअरिंगला चिकटले होते.

गल्लीच्या तोंडाशी ट्रक समोरून आला. मागचा भाग उघडाच होता. आत नुसती घोंगडी पडलेली.

माझा जीव भांड्यात पडला. मी गाडी कुठेतरी वेडीवाकडी लावली आणि आत गेले. बेकरीवाल्याने मला सगळं हातवारे करून सांगितलं. मॅनेजर आधी रागावला, मग गोड बोलला, मग चर्चेला कोण येतंय म्हणून विचारलं. ताई म्हणाली, चर्चा इथेच करू, मला आत येण्यात त्रास होतो. तो खाली फरशीवर बसून बोलायला तयार नव्हता आणि उभ्याने बोललं की सगळ्यांना ऐकू जात होतं. शेवटी कंटाळला तो ट्रकवाला. त्याने इंजिन बंद केलं आणि मॅनेजरला म्हणाला, "साहेब, तुमचं काय ते ठरवा. मला अजून दुसरी खेप आहे. मी आजारी माणसांवरून गाडी घालायला आलेलो नाही." मग त्याने स्वतःच हमालांना हाक मारली. मशीनं उतरली. ट्रक बाहेर काढताना बेकरीवाल्याने पुन्हा हात दाखवले, आणि या खेपेला त्याला कुणी नावं ठेवली नाहीत.

दुपारची पाळी बरीच उशिरा लागली. टेक्निशियनला उतरवलेली मशीनं पुन्हा जोडायची, धुवायची होती. पण लागली. ताई तिच्या खिडकीजवळच्या जागी आडवी झाली, नळ्या जोडल्या गेल्या, आणि मशीन नेहमीसारखं घरघरायला लागलं. मी तिच्या पायाशी स्टूल ओढून बसले. बाहेर काका कुणाला तरी चहा पाजत होते आणि मोठमोठ्याने हसत होते.

ही गोष्ट तिथेच संपली असं नाही. ट्रक पुन्हा येऊ शकत होता, त्यामुळे फाटक रिकामं ठेवून चालणार नव्हतं. ताईने बसणाऱ्यांच्या पाळ्या लावल्या. ज्याचं डायलिसिस त्या दिवशी नाही त्याने बसायचं, असा साधा हिशोब. मशीनांवर देणगीदारांच्या नावाच्या पाट्या होत्या. त्यातले दोघेतिघे कापडाचे व्यापारी, ताईच्या चांगल्या ओळखीचे. तिने पलंगावर पडल्या पडल्या एकेकाला फोन लावला. "शेठ, तुमच्या वडिलांच्या नावाचं मशीन आहे, मी त्यालाच जोडलेली आहे. ते इथून उचलतायत. तुम्हाला सांगितलंय का कुणी?" कुणालाच सांगितलेलं नव्हतं. शेठ लोकांनी ट्रस्टला फोन केले. आणि काका रोज सकाळी येऊन, नव्या उत्साहाने, माईकवर सांगायचे, "सकाळच्या पाळीचे आंदोलक फाटकात लागत आहेत." त्यांना कुणी काही विचारायला आलं की ते आनंदाने ताईकडे बोट दाखवायचे. इतका सुखी माजी अध्यक्ष मी पाहिलेला नाही.

शेवटी ट्रस्टने नमतं घेतलं. केंद्र इथेच राहील, नव्या रुग्णालयासाठी नवी मशीनं घेतली जातील, असं ट्रस्टच्या माणसाने फाटकात येऊन सगळ्यांसमोर सांगितलं. त्याचा आवाज अगदीच किरटा. लोकांनी ओरडून काकांना माईक घ्यायला लावला, आणि तीच बातमी त्यांच्याकडून पुन्हा ऐकली. तेव्हा कुठे लोकांना ती खरी वाटली. बेकरीवाल्याची आई पदराने डोळे पुसत राहिली आणि बेकरीवाला सगळ्यांना केक वाटत सुटला. ताईने तिच्या वाट्याचा मला दिला. तिला तो खायची मुभा नव्हती.

त्या संध्याकाळी मी तिला घेऊन घरी निघाले. डायलिसिसनंतर ती फारशी बोलत नाही, खिडकीला डोकं टेकून डोळे मिटून घेते. मी मात्र एकटीच बडबडत होते. आता व्हॅनला नवे टायर घालू, तू त्या गावाबाहेरच्या रस्त्याने दोनदा गेली असतीस तरी मी तुला तिसऱ्यांदा उचलून नेलं असतं, वगैरे.

"दोनदा नाही गं," ताई डोळे न उघडता म्हणाली.

"काय दोनदा नाही?"

"मी जाणारच नव्हते. एकदाही."

मला आधी कळलंच नाही.

"दोनदा म्हटलं ते तुझ्या समाधानासाठी," ती म्हणाली. "मी काढली तेवढी पुष्कळ वर्षं काढली. तुझी व्हॅन विकून मी कशाला आणखी काढायची? ठरवलं होतं मी. टेक्निशियनला विचारूनही ठेवलं होतं, न येता किती दिवस जातात ते."

मी गाडी बाजूला घेतली. डोळ्यांपुढे रस्ता दिसेना. मी तिथेच ढसाढसा रडले. ताईने माझा हात हातात घेतला. तिच्या हातावर अजून सुया काढल्यानंतरची पट्टी होती.

"आता का सांगतेस मला?" मी म्हटलं.

"आता जायचंय ना मला. परवा नेशीलच तू. म्हणून सांगितलं. आधी सांगितलं असतं तर तू भांडली असतीस."

भांडले तर मी तरीही. डोळे पुसले, गाडी सुरू केली आणि थेट घरापर्यंत तिच्याशी भांडले. तू कोण ठरवणारी, व्हॅन माझी की तुझी, मला विचारलंस का एकदा तरी, जे तोंडाला येईल ते बोलले. ताई डोळे मिटून सगळं ऐकून घेत होती आणि तिच्या ओठांवर हसू होतं. इतकं मनसोक्त आम्ही कित्येक महिन्यांत भांडलो नव्हतो.